कॅम्परचा फायबर: वॅक्सच्या आधी कंपाउंड

दादा, दोनदा वॅक्स लावूनही कॅम्पर (राहायची सोय असलेली फायबरची गाडी) पुन्हा पांढुरका पडला म्हणता, कारण ते वॅक्स मेलेल्या थरावर बसलंय. काळं फडकं घासून बघा, खडूसारखी भुकटी निघेल. उन्हाने जेलकोटचं, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराचं, असंच होतं. साताऱ्यात आमची गाडी उघड्यावर असायची, टपाची तर पार रया गेली होती. आधी स्वच्छ धुवा, मग रबिंग कंपाउंड (मेलेला थर घासून काढणारी पेस्ट), बारीक पॉलिश आणि शेवटी वॅक्स. पॉलिशचं मशीन कमी स्पीडवर ठेवा, एका जागी थांबवू नका. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, कडेला तर पटकन उडतो. स्टिकरवर मास्किंग टेप लावा. आणि काम सावलीतच करा, तापलेल्या फायबरवर कंपाउंड वाळून बसतं. आम्ही पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, असं वर्षातून दोनदा वॅक्स करतो.