एजंटांचे गट मांडताना नियम कोठे ठेवावेत?

प्रश्न:
पदवीच्या प्रकल्पासाठी मी पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीचे सिम्युलेशन करीत आहे. मंडळाचा प्रमुख, ढोल-ताशा पथक आणि पोलीस हे स्वतंत्र एजंट, म्हणजे स्वतःचे निर्णय स्वतः घेणारे प्रोग्राम, आहेत. मानाच्या पाच गणपतींच्या क्रमासह सगळे नियम मी प्रत्येक एजंटाच्या कोडमध्येच लिहिल्यामुळे एक नियम बदलला की सगळीकडे हात घालावा लागतो. शिवाय एकच पथक दुपारी एका आणि रात्री दुसऱ्या मंडळापुढे वाजवते, ते कसे दाखवावे?

प्रतिसाद १:
दुसऱ्या प्रश्नाला फेर्बेर आणि गुटक्नेख्त यांनी १९९८ मध्ये मांडलेले एजंट-गट-भूमिका हे प्रतिमान पुरेसे आहे. एजंट आतून कसा विचार करतो याबद्दल ते काहीच गृहीत धरत नाही. भूमिका ही गटापुरतीच असते आणि समान गटात असल्याशिवाय दोन एजंटांना परस्परांशी बोलता येत नाही. प्रत्येक मंडळ हा एक गट करा. पथकाने एक गट सोडून दुसऱ्यात ‘वादक’ ही भूमिका घ्यावी. मंडळप्रमुख आणि पोलीस यांचा मार्गनियोजनाचा वेगळा गट ठेवलात, तर पोलिसांचा निरोप प्रमुखामार्फतच पथकापर्यंत पोहोचेल.

प्रतिसाद २:
वरील मांडणीत कर्तव्यांना मात्र जागा नाही. ह्यूब्नर, सिचमन आणि ब्वासिए यांच्या २००२ मधील मोइझ-प्लस या एजंटांच्या संघटनाच्या प्रतिमानात रचना, कार्य आणि कर्तव्ये वेगवेगळी लिहिली जातात: कोणत्या भूमिका आणि त्या किती जणांनी घ्यायच्या, उद्दिष्टे कोणत्या योजनेने गाठायची, आणि कोणत्या भूमिकेला त्यातले काय बंधनकारक आहे व कशाची केवळ मुभा आहे. ‘पहिला मान’ ही भूमिका ठेवा, ती कसबा गणपतीच्या मंडळाचा प्रमुख घेईल. कोडमध्ये मंडळाचे नावही लागणार नाही.

प्रश्नकर्ता:
पण मग एखाद्या एजंटाने क्रम मोडायचाच ठरवले तर?

प्रतिसाद २:
मोडू द्या. बंधन मोडता येणे हाच स्वायत्त एजंट असण्याचा अर्थ आहे, आणि मोडल्यावर पोलीस काय करतात हे पाहण्यासाठीच तर, माझ्या मते, असे सिम्युलेशन करायचे असते. एक रथ दुसऱ्यातून आरपार जाऊ शकत नाही, ही गोष्ट मात्र बंधनांत लिहू नका. ती पर्यावरणात, म्हणजे एजंट ज्यात वावरतात त्या सिम्युलेशनमधल्या जगात, ठेवा. जाकामो हे अनेक एजंटांच्या प्रणाली लिहिण्याचे साधन वापरणार असाल तर ही विभागणी तयारच मिळते: एजंट जेसन या भाषेत, पर्यावरण कार्टागो या चौकटीत आणि संघटन मोइझच्या एक्सएमएल फाइलमध्ये, त्यामुळे नियम बदलताना बहुतेक वेळा ती एकच फाइल उघडावी लागेल.