क्रूझवर वेळ कशी सांभाळायची आणि सकाळी उठायचं कसं? (सिंगापूर-पेनांग-फुकेत)

मीनल_ठाणे

नमस्कार मंडळी, डिसेंबरात आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, ११ वर्षांची मुलगी आणि माझे आई-बाबा, सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला चाललोय. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. आमची सगळ्यांचीच पहिली क्रूझ. बजेटमध्ये बसवायचं म्हणून दोन्ही केबिन इनसाइड घेतल्यात, खिडकी नाही, आणि आता बुकिंग झाल्यावर मला वेगळंच टेन्शन आलंय ते म्हणजे उठायचं कसं.

घरी आम्हाला गजर लागतच नाही हो, स्वयंपाकघराच्या खिडकीतून उजेड येतो, कावळे सुरू होतात, दूधवाला पिशवी अडकवून जातो, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी होते, आपोआप जाग येते. मागे एकदा महाबळेश्वरला हॉटेलात जाड पडदे होते तर चौघंही सव्वादहापर्यंत झोपलो होतो आणि नाश्ता गेला. इथे नाश्ता गेला तर एकवेळ चालेल पण फुकेतला सकाळी लवकर उतरायचंय.

दुसरं म्हणजे वेळ नक्की कुठली धरायची? एजंट म्हणाला फोन आपोआप ॲडजस्ट होतो काही काळजी करू नका, जाऊबाई म्हणतात फोनवर अजिबात विश्वास ठेवू नको. आणि तिसरं बाबांचं, ते ७३ वर्षांचे आहेत, सकाळी ६ ला थायरॉईडची गोळी उपाशीपोटी आणि ८ ला बीपीची, घड्याळ लावून घेतात, पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी अस्वस्थ होतात. त्यांना काय सांगू? कोणी जाऊन आलं असेल तर नीट सांगा प्लीज.

प्राची_वाकड

मीनल, तुझ्या जाऊबाई शंभर टक्के बरोबर आहेत. आम्ही दोन वर्षांपूर्वी हाच रूट केला आणि फुकेतला जे झालं ते आठवलं तरी अजून छातीत धडधडतं म्हणून सविस्तर लिहिते.

सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच आहे, पण थायलंड त्यांच्यापेक्षा एक तास मागे. आमच्या बोटीने शेवटपर्यंत सिंगापूरचाच टाइम ठेवला होता. फुकेतला आमची बोट धक्क्याला लागली नाही, पातोंगच्या समुद्रात लांब उभी राहिली आणि तिथून छोट्या बोटींनी किनाऱ्यावर सोडत होते, टेंडर म्हणतात त्याला. शेवटचं टेंडर साडेचारचं. आम्ही निवांत बाजारात फिरलो, मग बीचवर शहाळं पीत बसलो, नवऱ्याच्या फोनवर तीन पंचवीस झालेले म्हणजे अजून तासभर आहे हातात. तेवढ्यात गळ्यात आमच्याच बोटीचं कार्ड अडकवलेलं एक कुटुंब वाळूतून पळताना दिसलं. मी सहज हाक मारून विचारलं तर ती बाई पळता पळताच मनगट वर करून म्हणाली चार पंचवीस!! फोनने थायलंडचा टॉवर पकडून स्वतःला एक तास मागे करून घेतलं होतं आणि आम्हाला पत्ताच नाही. चपला हातात घेऊन, चार वर्षांच्या पोराला कडेवर मारून पळत सुटलो, तो रडतोय, पिशव्या तिथेच राहिल्या. टेंडरला रांग होती म्हणून मिळालं. नसतं मिळालं तर स्वतःच्या खर्चाने विमानाचं तिकीट काढून सिंगापूर गाठायचं. आदल्या रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद आला होता, त्यावर अगदी वर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं की सगळ्या वेळा बोटीच्या टाइमप्रमाणे. आम्ही खालची जेवणाची यादी तेवढी वाचली होती.

तर तो कागद (हल्ली काही बोटींवर ॲपमध्ये येतो) रोज रात्री वरपासून खालपर्यंत वाचायचाच. काही बोटी फुकेतला घड्याळ बदलतातही, त्यामुळे माझ्या बोटीवर असं होतं म्हणून तुझ्याही तसंच असेल हे धरून चालू नकोस. आणि किनाऱ्यावर पाय ठेवायच्या आधी टेंडरवरच्या स्टाफला विचारायचं, आत्ता बोटीवर किती वाजले?

फोनचं म्हणशील तर सेटिंगमध्ये तारीख-वेळेत जाऊन ऑटोमॅटिक बंद कर आणि टाइम झोन हाताने सिंगापूर लाव. हे महत्त्वाचं आहे कारण फोनचा गजर फोनच्या वेळेने वाजतो. पहाटे बोट किनाऱ्याजवळ आली, फोनने थाई टॉवर पकडला, की सहाचा गजर बोटीच्या सातला वाजणार. स्मार्टवॉचपण फोनच्याच मागे जातं, त्यामुळे दोन्ही एकदम चुकतात.

दर्यावर्दी_रत्नागिरी

मीनलताई, मी ३१ वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, आता रिटायर होऊन घरी असतो. पॅसेंजर बोटीवर कधी काम केलं नाही पण घड्याळाचा नियम सगळीकडे एकच, बोटीवर कॅप्टन म्हणेल ती वेळ. किनाऱ्यावर कुठला देश आहे याच्याशी संबंध नाही.

आमच्याकडे मेसमधल्या बोर्डावर खडूने लिहिलेलं असायचं, आज रात्री घड्याळ एक तास पुढे. पूर्वेकडे निघालं की पुढे, पश्चिमेकडे निघालं की मागे. जपानहून अमेरिकेकडे जाताना दोन-तीन रात्रींआड एकेक तास जायचा, आणि तो एकट्या माणसाच्या झोपेतून किंवा ड्युटीतून कापला जाऊ नये म्हणून तीन वॉचमध्ये, म्हणजे ड्युटीच्या पाळ्यांमध्ये, वीस-वीस मिनिटं वाटून घ्यायचो. आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ, सगळ्यांच्या वाट्याला सारखं. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, एक घड्याळ मात्र कायम ग्रीनिचच्या वेळेवर, त्याला कोणी हात लावायचा नाही.

तुम्हाला उठायला जड का जाणार ते सांगतो, खिडकी नसणं हे अर्धंच कारण आहे. सिंगापूर साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे. १५ अंशांना एक तास धरला तर सूर्याच्या हिशोबाने ते ग्रीनिचच्या सात तासांपेक्षा थोडं कमीच पुढे येतं, पण घड्याळ ठेवलंय आठ तास पुढे. पूर्वी साडेसात तास होतं, १९८२ च्या १ जानेवारीपासून मलेशियाने अर्धा तास वाढवला आणि सिंगापूरनेही त्यांच्याबरोबर बदललं. म्हणून तिथे वर्षभर सातच्या आसपासच उजाडतं आणि सूर्य डोक्यावर यायला एक वाजतो. फुकेत आणखी पश्चिमेला, डिसेंबरात बोटीचं घड्याळ सिंगापूरचं असेल तर तिथे साडेसात उलटून गेल्यावर सूर्य दिसेल. म्हणजे बाल्कनीची केबिन असती तरी सहाला बाहेर मिट्ट काळोखच असता. त्यात तुमचं शरीर भारतातून आलेलं, बोटीवर सकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. साडेतीनला कोणाला आपोआप जाग येते? त्यामुळे शरीरावर सोडू नका, गजर लावाच. आणि उठलात की आधी डेकवर जाऊन उजेडात अर्धा तास चाला, अंधाऱ्या केबिनमध्ये बसून राहिलात तर झोप मागेच लागते.

आपल्याकडेसुद्धा हे होतंच की, प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची, मुंबई ७३ अंशांवर. १९०६ ला भारताची एक वेळ ठरली तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेला जुना मुंबई टाइम १९५५ पर्यंत टिकून होता. माझे आजोबा गोदीत होते, ते शेवटपर्यंत विचारायचे, कुठला टाइम सांगतोस, मुंबई का स्टँडर्ड?

वडिलांकडे जुनं चावीचं घड्याळ असेल तर ते न्या. टॉवर नाही, वायफाय नाही, आपण काटे फिरवू तेव्हाच बदलतं. माझं एचएमटी सगळ्या समुद्रांवर माझ्याबरोबर होतं, रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी चावी द्यायचो.

अस्मिता_रेडिंग

मी इंग्लंडमध्ये असते, आम्ही मागच्या जूनमध्ये साउथॅम्प्टनहून नॉर्वेला गेलो होतो, आमचीही इनसाइड केबिनच होती म्हणून लिहितेय. पहिल्या रात्री दिवा बंद केल्यावर डोळ्यासमोर धरलेला स्वतःचा हात दिसेना, खरंच सांगते, इतका अंधार मी आजोळी कोकणात अमावास्येलाही बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या केबिनमधल्या आजींनी युक्ती सांगितली, टीव्हीवर बोटीच्या पुढच्या कॅमेऱ्याचा चॅनेल असतो तो आवाज बंद करून रात्रभर चालू ठेवायचा. रात्री स्क्रीन काळी, पहाटे आधी निळसर होते, मग राखाडी, मग खोलीभर हळूहळू उजेड पसरतो, अगदी खिडकी उघडल्यासारखा. सगळ्या बोटींवर हा चॅनेल नसतो पण गेल्या गेल्या शोधून बघा. पुढे आर्क्टिक वर्तुळ ओलांडल्यावर तो बंदच करावा लागला कारण तिथे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही, मुलं रात्री साडेअकराला डेकवर पकडापकडी खेळत होती आणि झोपायला चला म्हटलं तर म्हणतात अजून संध्याकाळ आहे.

अजून दोन गोष्टी. केबिनच्या फोनवरून वेकअप कॉल लावता येतो, फोनचा गजर असला तरी तो लावाच. आणि रात्री दारावर नाश्त्याचं कार्ड अडकवता येत असेल, तर हव्या त्या वेळेवर टिक करून अडकवून ठेवा. सकाळी माणूस चहा-टोस्ट घेऊन दार वाजवतो, दार उघडायला उठावंच लागतं, त्याच्याइतका खात्रीचा गजर दुसरा नाही. बेडजवळ प्लग नसतो बरेचदा, टेबलापाशी असतो, आणि एक्स्टेन्शन बोर्ड पुष्कळ बोटींवर काढून घेतात, म्हणून फोन लांबच चार्जिंगला लागतो, त्याचाही फायदाच होतो, गजर बंद करायला चालत जावं लागतं.

वारही विसरायला होतो हं तीन-चार दिवसांत. आमच्या लिफ्टमध्ये खाली गालिच्यावर वाराचं नाव विणलेलं होतं, रोज मध्यरात्रीनंतर बदलायचे. मुलगा रोज सकाळी आधी खाली बघायचा.

औषधवाला_सांगली

बाबांच्या गोळ्यांबद्दल. मी फार्मासिस्ट आहे. थायरॉईडच्या गोळीला सहाचा ठोका महत्त्वाचा नाही, रिकामं पोट महत्त्वाचं आहे आणि त्यानंतर चहा-नाश्त्याच्या आधी अर्धा ते एक तास जायला हवा. या गोळीचा असर शरीरात बरेच दिवस राहतो त्यामुळे अडीच तासांच्या फरकाने काही बिघडत नाही. उठल्यावर गोळी, मग तयारी, मग नाश्ता. बीपीची नाश्त्याबरोबर बोटीच्या आठला घेतली तरी साधारणपणे चालतं, पण कुठली गोळी आहे ते मला माहीत नाही तेव्हा निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचाराच. इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर मात्र डॉक्टरांकडून वेळा कागदावर लिहूनच घ्या, तिथे अंदाज नको.

आणि सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. बंदरावर दिलेली मोठी बॅग केबिनपर्यंत यायला कधी कधी संध्याकाळ होते.

मीनल_ठाणे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. बाबांना मी हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. दर्यावर्दी काका, बाबांकडे खरंच एचएमटी आहे, लग्नात मिळालेलं, कपाटात होतं, आज दुरुस्तीला देऊन आले. प्राची, एक विचारायचं राहिलं, फोन एरोप्लेन मोडवर ठेवला तर मग ऑटोमॅटिक बंद करायची गरज नाही ना?

प्राची_वाकड

आहे. एरोप्लेन मोड तर समुद्रात ठेवायचाच कारण बोटीच्या नेटवर्कवर फोन गेला तर रोमिंगचं बिल भरमसाट येतं, पण किनाऱ्यावर उतरलीस की मॅप बघायला नाहीतर फोटो पाठवायला तू तो काढणारच, आणि नेमकं तिथेच घड्याळ बदलतं. दोन्ही कर.

मीनल_ठाणे

(जानेवारी) परत आलो, सांगायचं राहून जायला नको म्हणून लिहितेय. आमच्याही बोटीने सिंगापूरचाच टाइम ठेवला होता. मी माझा आणि आईचा फोन हाताने सेट केला पण नवऱ्याचा राहिला. फुकेतच्या सकाळी वेकअप कॉल आला, दिवा लावला तर त्याच्या फोनवर ५:१०, माझ्या फोनवर ६:१०. मी शेजारच्या केबिनचं दार वाजवलं तर बाबा आंघोळ करून, गोळी घेऊन, शर्टाची बटणं लावून खुर्चीत बसलेले, मनगटावर एचएमटी, सहा दहा. आईला त्यांनीच उठवलं होतं.

कॅमेऱ्याचा चॅनेल आमच्या टीव्हीवर सापडला, मुलीने तो चारही रात्री चालू ठेवला. फुकेतला आम्ही शेवटच्या टेंडरच्या दीड तास आधी रांगेत होतो, बाबा दर दहा मिनिटांनी वेळ सांगत होते. शेवटच्या दिवशी पूर्ण दिवस समुद्रात होता, कुठे उतरायचं नव्हतं, तरी बाबा सहाला उठून डेकवर गेले आणि सात वाजून गेल्यावर मला बोलवायला आले, चल, आत्ता उजाडतंय.