प्रार्थना केली तरी मागितलेलं मिळालं नाही, असे अनुभव

सलाम मंडळी. आपल्याकडे चर्चमध्ये साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, म्हटली की शेवट ठरलेला. गाठ गायब, व्हिसा आला, मुलगा पास, हालेलुया. छानच आहे, मी पण टाळ्या वाजवते. पण ज्यांची माणसं एवढी प्रार्थना करूनही गेली ते मागच्या बाकावर गप्प बसलेले असतात, त्यांच्या हातात माईक कोणी देत नाही. त्यांनी इथे लिहा. शेवट गोड करायची सक्ती नाही, आणि बायबलची वचनं जरा जपून, दुसऱ्याच्या डोक्यात हाणू नका प्लीज.

भायखळ्याची ताई
धागा माझाच, तर आधी मीच लिहिते. मिस्टरांना टाटाला दाखवलं तेव्हा आजार लिव्हरपर्यंत पोचला होता. भायखळ्याहून परळ काही लांब नाही, पण केमो घेऊन येताना ते टॅक्सीत रुमाल तोंडाशी धरून बसायचे आणि माझं मनात एकच चालू, येशूने मरणाआधी म्हटलेलं, प्रभू हा प्याला टळू दे. नाही टळला. मग घर माणसांनी भरलं आणि प्रत्येकाकडे काहीतरी तयार, सगळं कल्याणासाठीच असतं, प्रभूला त्यांची जास्त गरज होती वगैरे. अहो त्याला कसली गरज, घरात दोन शाळेतल्या मुली, गरज आम्हाला होती! महिला मंडळातल्या एक मावशी मात्र रोज दुपारी यायच्या, डबा ठेवायच्या, सिंकमधली भांडी घासायच्या, थोडं बसायच्या आणि जायच्या. बोलणं काहीच नाही. बायबलातल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र पण आधी सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर नुसते बसलेले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं, तोंड उघडलं आणि घोळ घातला. शेवटी देव रागावतो तो या शहाण्यांवर, आणि इतके अध्याय देवाला जाब विचारणारा ईयोब बरोबर बोलला म्हणतो. हे आपल्याकडे उपदेशात फारसं येत नाही, का कुणास ठाऊक.
माझी प्रार्थना तर बंदच पडली होती. मग स्तोत्र 88 हाताला लागलं. बाकीच्या बहुतेक रडक्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजेड येतो, यात येतच नाही, अंधारातच संपतं. हे बायबलात ठेवलंय म्हणजे देवाला असलं ऐकायची सवय असणार असं मी धरून चालले आणि मुली झोपल्या की तेच मोठ्याने वाचायचे. विश्वास म्हणाल तर तेव्हा एवढाच होता, की भांडायचं ते त्याच्याशीच.

गोराईकर
ताई, वाचून काय बोलावं कळेना. आमचं वेगळं आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले आणि सगळं इतकं घाईत झालं की दहन करावं लागलं. आईला मरणापेक्षा तेच जास्त लागलं, शेवटच्या दिवशी मेलेले उठणार म्हणतात, मग शरीरच नाही तर हे उठणार कसे? फादरनी नीट समजावलं की चर्चने 1963 पासून दहनाला मोकळीक दिलीय, राख तेवढी पवित्र जागी ठेवायची, समुद्रात सोडायची नाही. आईने मान हलवली पण पटलं नव्हतं, दिसत होतं ना. शेजारची कोळीण आली, तिचा सख्खा भाऊ वादळात बोटीवरून गेलेला, बॉडी पण मिळाली नाही. ती म्हणाली, "गो, माझा भाव तर हाताला पन लागला नाय, तो उठनार नाय काय?" त्यानंतर आईने तो प्रश्न परत काढला नाही. राख आजीच्या कबरीत ठेवली.

बुधवारवाला
थोडक्यात लिहितो. मूल नाही. बायकोचे गर्भपात झाले, माहीमच्या चर्चमध्ये बुधवारचा नोव्हेना (नेमाने करायची प्रार्थना) केला, बांद्र्याच्या जत्रेत माउंट मेरी चर्चला नवसाचं मेणाचं बाळ वाहिलं. नोव्हेनाला लोकांची आभाराची पत्रं वाचतात तेव्हा पहिली काही वर्षं बायको उठून बाहेर जायची. आता वय गेलं आमचं. बुधवारी अजून जातो. मागायला काही नसतं खरं तर, पण जाणार कुठे दुसरीकडे?

नाईट शिफ्ट
मी लिहू की नको माहीत नाही कारण माझा विश्वास बिश्वास काही उरला नाहीये. भाऊ लोकलमधून पडला, 22 वर्षांचा होता. आई अजून रोज रात्री रोझरी म्हणते, जपमाळेची प्रार्थना, मी तेव्हा हेडफोन लावतो. तिला कसं जमतं मला खरंच कळत नाही आणि कोणी समजावू पण नका.

भायखळ्याची ताई
नाही समजावत रे. लिहिलंस ते बरं केलंस. एकच विचारते, भाऊ शिवडीच्या कबरस्तानात आहे का?

नाईट शिफ्ट
हो. आई 2 नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, एकटीच जाते, फुलं मेणबत्त्या घेऊन.

बुधवारवाला
मग या वर्षी तू पण जा तिच्याबरोबर, चढउतार असते, पिशवी जड होते तिला.

नाईट शिफ्ट
जाईन. पण प्रार्थना म्हणणार नाही.

भायखळ्याची ताई
नको म्हणू. सकाळी लवकर निघा मात्र, नंतर गेटवर जाम गर्दी होते.