मदत हवी आहे: वादी रम (जॉर्डनमधलं वाळवंट), अर्धा दिवस उंट आणि जर्बमधलं (वाळूत पुरलेल्या भट्टीतलं) शाकाहारी जेवण

जानेवारीत सहा जण वादी रमला बदूंच्या (वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या) तंबूत दोन रात्री राहणार आहोत. दोघं साठीच्या पुढचे, त्यातल्या एकीचे गुडघे दुखतात.

पहिली अडचण खोगिराची. तिथल्या लाकडी खोगिराला पुढे-मागे खुंट असतात, पण रिकीब नसते. पाय लोंबकळत राहिले की तासाभरात मांड्या सोलवटतात आणि गुडघा ओढला जातो. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो; त्या क्षणी मागे रेलून पुढचा खुंट घट्ट धरायचा, हे सगळ्यांना सांगून ठेवलंय. बसताना उलट: पुढचे गुडघे आधी टेकतात, तेव्हाही मागेच रेलायचं. पण सलग तीन तासांसाठी दोराची रिकीब बांधून मिळते का? की दर पाऊण तासाला उतरून चालणंच बरं? उंट ताशी चार-पाच किलोमीटरच चालतो, त्यामुळे मागे पडायची भीती नाही.

दुसरी जर्बची. वाळूत पुरलेल्या पिंपात निखाऱ्यांवर अनेक मजल्यांची एकच जाळी उतरवतात, झाकण, घोंगडी, वर वाळू. कोंबडी, मटण, बटाटे, गाजरं सगळं त्याच जाळीवर, म्हणजे वरचा रस खाली गळणारच. आमच्यातले तिघं शुद्ध शाकाहारी. भाज्या झाकणाच्या वेगळ्या भांड्यात, सर्वांत वरच्या मजल्यावर ठेवायला कुणी सांगून पाहिलंय का? यजमानांना आदल्या दिवशी कळवलं तर पुरतं? आग्रहाने जेवू घालणारी माणसं ती, ऐनवेळी नाही म्हणणं जिवावर येतं.

रात्री पारा शून्याजवळ उतरतो. तिथल्या जाड रजया पुरतात, की स्लीपिंग बॅग न्यावी?