सिगारेटवरून व्हेपवर येताना: जळकी चव, न भागणारी तलफ आणि भारतवारी

लेस्टरकर
रोज साधारण १५ सिगारेटी, उठल्या उठल्या पहिली. त्याऐवजी रिफिल होणारं पॉड किट (लिक्विडची छोटी टाकी, म्हणजे पॉड, असलेली ई-सिगारेट) घेतलंय: १.० ओहमची कॉइल (लिक्विड तापवणारी तार, भोवती कापूस), दर मिलीला ६ मिग्रॅ निकोटीनचं आंब्याचं लिक्विड. दोन दिवसांतच कॉइल जळकी लागते. दिवसभर ओढूनही तलफ भागत नाही, मग संध्याकाळी सिगारेट पेटतेच. दिवाळीला पुण्याला जायचंय, किट सोबत नेलं तर चालेल का?

धूरविरहित
६ मिग्रॅ तुम्हाला पुरणारच नाही. एवढ्याशा पॉडमधून वाफ थोडी निघते, त्यामुळे निकोटीन जास्त लागतं. २० मिग्रॅचं निक सॉल्ट (आम्ल मिसळलेल्या निकोटीनचं लिक्विड) घ्या, ब्रिटनमध्ये कायद्याने तीच कमाल मर्यादा आहे. सॉल्टमध्ये आम्ल असल्याने २० लासुद्धा घसा फारसा खवखवत नाही.

ओढायची पद्धतही बदला. सिगारेटसारखे जोरात, भराभर झुरके नकोत. तीन-चार सेकंद सावकाश तोंडात ओढायचं, मग छातीत. वाफेतलं निकोटीन धुरापेक्षा हळू चढतं, म्हणून दोन-तीन झुरके झाले की पाच मिनिटं थांबा. मळमळ, उचकी, डोकं हलकं होणं ही जास्त झाल्याची खूण, लगेच बाजूला ठेवा.

आणि संध्याकाळची ती एक आधी बंद करा. दिवसाला एक-दोन सिगारेटींनीही हृदयाचा धोका बराचसा तसाच राहतो. निकोटीन कमी करायचं ते सिगारेट शून्यावर आल्यानंतर. लोक नेमकं उलट करतात.

कापूसकोंड्या
जळक्या चवीचं कारण बहुतेक बाटलीवरच छापलेलं असेल. ७० व्हीजी / ३० पीजी (७० टक्के दाट ग्लिसरीन, ३० टक्के पातळ प्रोपिलीन ग्लायकॉल) असेल तर ते १.० ओहमच्या कॉइलला फार दाट. बारीक छिद्रांतून कापसापर्यंत वेळेवर पोचत नाही आणि कापूस कोरडाच जळतो. ५०/५० घ्या.

नवी कॉइल बसवताना बाजूच्या छिद्रांत दिसणाऱ्या पांढऱ्या कापसावर तीन-चार थेंब सोडा, पॉड भरा, दहा मिनिटं तसंच उभं ठेवा. कॉइलवर वॅट छापलेले असतात, सुरुवात खालच्या आकड्याने करा. पाव पॉड उरलं की भरा, तळ गाठू देऊ नका. एकदा जळलेला कापूस सुधारत नाही, कॉइल बदलायचीच. गोड लिक्विडमधल्या स्वीटनरची तारेवर काळी पुटं चढतात, आंबा त्यात पुढेच. साध्या मेंथॉलवर तीच कॉइल आठवडा-दोन आठवडे चालावी.

गुडगुड आवाज येऊन तोंडात लिक्विड आलं तर पॉड काढून टिश्यूत धरून झटका. जोरात ओढलं की हे होतंच.

प्रवासी पक्षी
किट भारतात नेऊ नका. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'स्वतःपुरतं आहे' म्हणून आयातीला सूट नाही.

तेवढ्या दिवसांसाठी २४ तासांचा २१ मिग्रॅचा निकोटीन पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) लावा आणि तलफेपुरती निकोटीन गम. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर ४ मिग्रॅची. गम च्युइंगमसारखी चघळत बसायची नसते: चव तिखट लागली की गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, आंबट तोंडात निकोटीन नीट शोषलं जात नाही. पुण्यातल्या चहाच्या फेऱ्यांत हे जमवणं कठीणच!

औषधवाला
चहा-कॉफीचा विषय निघालाच आहे म्हणून. धुरातल्या डांबरामुळे यकृत कॅफीन भराभर निपटतं. धूर थांबला की तीच कॉफी जास्त चढते. छातीत धडधड, झोप न येणं याचा दोष लोक व्हेपला देतात. कॉफी निम्म्यावर आणा.

हेच थिओफिलिन (दम्याचं औषध), क्लोझापिन आणि ओलान्झापिनला (मानसिक आजारांवरची औषधं) लागू आहे: रक्तातलं प्रमाण वाढतं. हा परिणाम धुराचा, निकोटीनचा नव्हे, त्यामुळे व्हेप किंवा पॅच चालू असला तरी फरक पडतोच. यांपैकी काही घेत असाल तर सिगारेट बंद करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, मात्रा बदलावी लागते.