मदत हवी आहे: कोड बदलतो, पण मेक «अप टू डेट» म्हणून बसून राहते

शेतातलाकोडर:
अर्जंट आहे. बोअरच्या पंपाचा बोर्ड बनवून राहिलो. सी फाइल बदलतो, सेव्ह करतो, मेक (कोडपासून चिपवर टाकायची फाइल बनवणारी कमांड) मारतो, तर म्हणते «पंप.हेक्स इज अप टू डेट». चिपवर जुनंच जाऊन राहिलं. ड्राय-रनचा (पाणी नसताना मोटर फिरू द्यायचा) वेळ 10 सेकंदांवरून 30 केला, तरी बोर्ड 10 लाच मोटर बंद पाडते. मेक क्लीन (आधी बनलेल्या फायली पुसणं) मारलं की दिवसभर ठीक, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. क्लीन नाही मारलं तर संध्याकाळनंतर आपोआप सुधरते. मेकफाइलले (मेकच्या नियमांची फाइल) हात लावला नाही. उद्या बोर्ड बसवायचा आहे, लवकर सांगा.

घाटंजीकर:
चिप कोणती, कंपायलर कोणता, ओएस कोणती? प्रोजेक्ट डिस्कवर आहे की पेनड्राइव्हवर? मेकचं पूर्ण आउटपुट टाका, शेवटची ओळ नाही.

टर्मिनलतात्या:
हे हेडरचं, म्हणजे .सी मध्ये जोडल्या जाणाऱ्या .एच फाइलचं, दुखणं आहे. वेळ कॉन्फिग.एच मध्ये डिफाइन केला असणार आणि मेकफाइलमध्ये त्या हेडरचं अवलंबित्व लिहिलेलं नसणार. मेकला फक्त .सी दिसते, .एच बदलली हे त्याला कळायला मार्गच नाही. सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायचे पर्याय) «-एमएमडी -एमपी» टाका आणि मेकफाइलच्या शेवटी «-इनक्लूड» करून सगळ्या .डी फायली (कोणती .सी कोणत्या .एच वर अवलंबून, याच्या याद्या) ओढा. इनक्लूडच्या आधीचा हायफन विसरू नका, नाहीतर पहिल्या बिल्डला .डी नसल्यामुळे मेक थांबेल. एकदा क्लीन, मग कायमची कटकट मिटली.

वेबवाली:
विंडोजमधल्या उबुंटूवर काम करता का? डब्ल्यूएसएल 2 मध्ये (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर असेल तर फाइल बदलल्याची सूचना लिनक्सपर्यंत पोचतच नाही. व्हीटच्या (वेबसाइट बनवायचं साधन, ते फायलींवर सतत नजर ठेवतं) कॉन्फिगमध्ये सर्व्हर.वॉच.यूजपोलिंग ट्रू करा, नाहीतर प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. पोलिंगने (फायली सारख्या तपासत राहण्याने) सीपीयू तापतो, म्हणून हलवणंच बरं.

घाटंजीकर:
ताई, इथे व्हीट नाही आणि वॉचही नाही. माणूस स्वतः मेक मारतोय. मेक सूचनांची वाट बघत नाही, सरळ दोन फायलींच्या बदलाच्या वेळा ताडून बघतं.

शेतातलाकोडर:
एटीमेगा 328पी, एव्हीआर-जीसीसी, उबुंटू. डिस्कवरच आहे. तात्या, वेळ .सी मध्येच आहे, हेडरमध्ये नाही, अन् तुमची .डी वाली ओळ मेकफाइलमध्ये आधीच आहे. पंप.सी ले टच मारून पाहिलं, तरी अप टू डेटच. मेक -बी (सगळं सक्तीनं नव्यानं बनव) मारलं की होते.

टर्मिनलतात्या:
टच मारूनही होत नाही म्हणजे मेकफाइलमध्ये पाथ चुकलाय. तुम्ही एका फोल्डरमधली पंप.सी बदलताय, मेक दुसरीच बघतंय. «मेक -डी» चालवा आणि पंप.सी शोधा.

घाटंजीकर:
पाथ चुकला असता तर क्लीन केल्यावरही जुनाच कोड आला असता. तो तर नवा येतोय. टचने फाइलवर आत्ताची वेळ बसते. ती बसूनही .ओ (.सी कंपाइल होऊन बनलेली फाइल) जास्त नवीन ठरते, याचा एकच अर्थ: .ओ वर पुढची वेळ आहे. घड्याळ बघा. आणि आउटपुट अजून टाकलं नाही.

मोर्शीकर:
घड्याळ म्हटलं की आधी सीमॉस सेल, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा. सीआर2032, 3 व्होल्टचा, किराणा दुकानातही मिळते. लाइन गेली की मदरबोर्डाची वेळ मागच्या एखाद्या वर्षात जाऊन बसते. मल्टिमीटर लावा, 2.7 च्या खाली असला तर बदला. आमच्या भागातल्या लोडशेडिंगमध्ये सेल लवकर बसतात.

शेतातलाकोडर:
लॅपटॉप आहे, डेस्कटॉप नाही. आउटपुट घ्या:
«मेक: वॉर्निंग: फाइल पंप.ओ हॅज मॉडिफिकेशन टाइम 18604 एस इन द फ्यूचर»
«मेक: पंप.हेक्स इज अप टू डेट»
«मेक: वॉर्निंग: क्लॉक स्क्यू डिटेक्टेड. युअर बिल्ड मे बी इनकम्प्लीट.»
हे वॉर्निंग तर रोजच येते, म्हणून टाकलं नव्हतं.

घाटंजीकर:
रोज येतं म्हणूनच तर रोज अडतं 🙂 आता हिशोब करा. 18604 सेकंद म्हणजे 5 तास 10 मिनिटं 4 सेकंद. साडेपाच तासांचे 19800 सेकंद. फरक 1196, म्हणजे जवळपास 20 मिनिटं. तुमची पंप.ओ मेक मारण्याच्या 20 मिनिटं आधी बनली आणि तिच्यावर साडेपाच तास पुढची वेळ बसली. हा आकडा आयएसटी (भारतीय वेळ) आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांतला फरक आहे. सेल बसला असता तर फरक असा मोजून-मापून 5:30 चा आला नसता, वेळ सरळ काही वर्षं मागे गेली असती. मशीनवर विंडोजही आहे ना? आणि नेट नंतर लावता?

शेतातलाकोडर:
हो, विंडोज आहे. भाऊ रात्री त्यावर सेतूचं काम करते, मागच्या महिन्यापासून. त्याचा काय संबंध? नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं, रेंज आली की लावतो, बहुतेक दहा-अकरा वाजता. सकाळी नसते.

घाटंजीकर:
तोच संबंध. मदरबोर्डावरचं घड्याळ, म्हणजे आरटीसी, एकच आहे. विंडोज त्यात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तिला यूटीसी समजून वर 5:30 मिळवतं. सकाळी 9 ला उबुंटू उठतं ते 14:30 दाखवत. नेट नाही म्हणून कोणी दुरुस्त करत नाही. तुम्ही साडेनऊच्या सुमारास बिल्ड करता, .ओ वर 15:00 बसते. 10 ला हॉटस्पॉट लागला की एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) वेळ मागे ओढून 10:00 करतं. त्यानंतरची प्रत्येक सेव्ह 15:00 च्या आधीची. मेकच्या लेखी .ओ नवीन, सोर्स जुना, विषय संपला. खरे 15:00 उलटून गेले की पुढची सेव्ह .ओ पेक्षा नवी होते, म्हणून तुमचं «संध्याकाळी आपोआप».

पडताळा: नेट बंद ठेवून उबुंटू चालू करा आणि «टाइमडेटसीटीएल» मारा. (कमांड टाकताना इंग्रजी अक्षरांतच टाका, इथे देवनागरीत लिहितोय.) आरटीसी टाइमसमोर भिंतीवरच्या घड्याळाची वेळ दिसली आणि लोकल टाइम साडेपाच तास पुढे असला, की झालं. उलट नेट लावून काम करून नंतर विंडोजमध्ये गेलात तर तिथे वेळ साडेपाच तास मागे दिसेल.

शेतातलाकोडर:
दिसते! भाऊ म्हणून राहिला होता की पावतीवर वेळ चुकते. नेट लागलं की काही वेळानं सुधरते म्हणे.

टर्मिनलतात्या:
मान्य, हेडर नाही. पण इलाज विंडोजकडून करा. रेजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचं साधन) अ‍ॅडमिन म्हणून उघडा. लोकल मशीन, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन. तिथे 32 बिट डीवर्ड बनवा, नाव रिअलटाइमइजयुनिव्हर्सल, किंमत 1. मग उबुंटूत जाऊन नेट लावून «सुडो एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी» मारा, म्हणजे बरोबर वेळ आरटीसीत लिहिली जाईल. दोन्ही ओएस यूटीसीवर आल्या.

मोर्शीकर:
सेतूच्या मशीनची रेजिस्ट्री कशाला छेडायची भाऊ? लिनक्सले सांगा की आरटीसी लोकल वेळेवर आहे: «टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1». एक ओळ, काम खतम.

टर्मिनलतात्या:
ती ओळ मारल्यावर टाइमडेटसीटीएल स्वतःच इशारा देतं की ही पद्धत पूर्ण सपोर्टेड नाही.

मोर्शीकर:
तो इशारा टाइमझोन बदलणाऱ्यांसाठी अन् डेलाइट सेव्हिंगवाल्या (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या) देशांसाठी आहे. आपल्याकडे वर्षभर 5:30.

घाटंजीकर:
इशाऱ्यात तिसरी गोष्टही आहे: मग लिनक्स आरटीसी कधीच अपडेट करत नाही. इथे विंडोज रोज रात्री चालतं, तेच करेल. विंडोज काढून टाकाल त्या दिवशी 1 चा 0 करा. दोन्ही उपाय चालतात, फक्त दोन्ही एकदम करू नका, नाहीतर पुन्हा साडेपाच तासांचाच घोळ, उलट दिशेने.

रामटेकी:
मेकच सोडा. प्लॅटफॉर्मआयओ (चिपचा कोड बनवायचं दुसरं साधन) घ्या, त्याच्या पोटात एसकॉन्स (मेकच्या जागी चालणारं साधन) आहे. ते मुळात फाइलच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) बघतं, घड्याळावर विसंबत नाही.

घाटंजीकर:
खरं आहे, पण बोर्ड उद्या बसवायचा आहे. आणि घड्याळ चुकलेलंच राहिलं तर गिटच्या कमिटवरही, म्हणजे कोडच्या इतिहासातल्या नोंदींवरही, पुढच्या वेळा पडतील.

शेतातलाकोडर:
भाऊ रेजिस्ट्रीले हात लावू देत नाही. सेट-लोकल-आरटीसी 1 केलं, नेट बंद ठेवून रीबूट केलं, वेळ बरोबर आहे. क्लीन करून मेक मारलं. आता उलटंच होऊन राहिलं: काहीच नाही बदललं तरी दर वेळी चारही फायली कंपाइल होतात, वॉर्निंग तसंच आहे.

मोर्शीकर:
फोल्डरमधल्या सगळ्या फायलींले टच मारा, सोपं.

घाटंजीकर:
सगळ्यांना नको! .ओ ला टच मारलं तर जुन्या कोडची .ओ नवी ठरेल आणि पहिलंच दुखणं परत येईल. आज सकाळी सेव्ह केलेल्या सोर्सवर अजून पुढची वेळ आहे, म्हणून कितीही बिल्ड केलं तरी सोर्सच नवा. चारही फायली होतात म्हणजे त्यात सगळ्यांनी इनक्लूड केलेली हेडर आहे. «फाइंड . -न्यूअरएमटी नाऊ» मारा, भविष्यातल्या फायलींची यादी येईल. फक्त .सी, .एच आणि मेकफाइलला टच. मग क्लीन, मग मेक. लागलीच दुसऱ्यांदा मेक मारल्यावर अप टू डेट आलं पाहिजे. नंतर एकच .सी बदलून बघा, एकच .ओ बनली पाहिजे.

शेतातलाकोडर:
यादीत कॉन्फिग.एच अन् पंप.सी निघाल्या. टच, क्लीन, मेक. दुसऱ्यांदा अप टू डेट. पंप.सी बदलली तर फक्त पंप.ओ बनली. बोर्ड 30 सेकंदांवर चालून राहिला.

टर्मिनलतात्या:
कॉन्फिग.एच निघाली ना यादीत.

मोर्शीकर:
ते 30 सेकंद बोअरले जास्त आहेत भाऊ. सबमर्सिबल पाण्यानेच थंड होते, कोरडी 30 सेकंद नका फिरवू. चालू झाल्यावर पाइप भरेपर्यंतचा वेळ वेगळा धरा, चालू असताना पाणी तुटल्यावरचा वेगळा. सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) कोणता लावला?