मदत हवी आहे: रोबोटिक्स टीममध्ये मेंटरने हात कधी घालावा?

नवा_मेंटर
नमस्कार मंडळी. फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेतल्या एका टीमला स्वयंसेवक म्हणून मार्गदर्शन करतोय. 10 मुलं आहेत, स्पर्धा सहा आठवड्यांवर. आधीच्या मेंटरनी बराचसा कोड स्वतः लिहिला होता, त्यामुळे काही बिघडलं की मुलं माझ्या तोंडाकडे बघतात. सध्याचा बिघाड असा: ऑटोनॉमसच्या 30 सेकंदांत (रिमोटशिवाय, फक्त कोडवर चालायचा भाग) रोबोट खुणेच्या पुढे जाऊन थांबतो. दुरुस्त करून देता येईल, पण परीक्षकांसमोर बोलायचंय मुलांनाच. किती सांगावं?

गिअर_गोंधळ
कोडमध्ये वेळेवर चालणारी हालचाल आहे का ते आधी बघा, म्हणजे "1.5 सेकंद पुढे जा" अशी. तसं असेल तर दोष बॅटरीचा. पूर्ण चार्ज केलेली 12 व्होल्टची बॅटरी 13 च्या वर देते, चार-पाच सामन्यांनंतर तेवढं देत नाही. मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरतो, म्हणून तेवढ्याच वेळात अंतर वेगळं पडतं.

नवा_मेंटर
नाही, एन्कोडरच वापरलाय (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर). 90 मिमी चाक, रेव्ह कंपनीचा अल्ट्राप्लॅनेटरी गिअरबॉक्स, 4:1 आणि 5:1 असे दोन टप्पे. एन्कोडर मोटरच्या एका फेऱ्याला 28 काउंट देतो, म्हणून कोडमध्ये चाकाच्या फेऱ्याला 28 × 20 = 560 काउंट धरलेत. मैदानाच्या एका फरशीला साडेतीन सेंटीमीटर जास्त जातो.

गिअर_गोंधळ
मग सापडलं. त्या गिअरबॉक्सचे 4 आणि 5 नावापुरते. खरं प्रमाण 3.61 आणि 5.23, म्हणजे गुणाकार 18.9 च्या आसपास. चाकाचा एक फेरा 560 नव्हे, सुमारे 529 काउंटचा. 610 मिमीच्या फरशीला 36 मिमी जादा, तुमच्या मापाशी जुळतं.

पण हे मुलांना सांगू नका. मोजपट्टी द्या. एक, दोन, तीन फरश्या, प्रत्येकी पाच वेळा चालवून अंतरं लिहायला लावा. चूक 36, 72, 108 अशी चढत गेली तर हिशेबातलं प्रमाण चुकलंय. आकडे विखुरले तर चाक घसरतंय किंवा काहीतरी ढिलं आहे. एवढं त्यांना दिसलं की गिअरबॉक्सचं माहितीपत्रक पुढे सरकवा आणि गप्प बसा. (हे गप्प बसणंच सगळ्यात जड जातं.) तोच तक्ता इंजिनिअरिंग पोर्टफोलिओत जातो, परीक्षक त्यावरच प्रश्न विचारतात.

पिटवाला
वरच्याशी सहमत. आठवड्यातून एकदा मुद्दाम बिघाड करून ठेवा. मुख्य स्विच बंद करून दोन मोटरची पोर्टं अदलाबदल करा, किंवा लिफ्टच्या पुलीचा ग्रब स्क्रू (पुलीला शाफ्टवर पकडून ठेवणारा बारीक स्क्रू) सैल करा: मोटर फिरते, लिफ्ट हलत नाही. मुलांनी दहा मिनिटांत कारण शोधायचं. एन्कोडरची वायर काढणार असाल तर रोबोट ठोकळ्यांवर ठेवून चाकं अधांतरी हवीतच. काउंट येतच नाहीत, त्यामुळे रन टू पोझिशनमधली (ठरलेल्या काउंटपर्यंत फिरून थांबायच्या मोडमधली) मोटर थांबत नाही. हा प्रयोग लिफ्टवर करू नका, दोरी तुटेल.

ग्रब स्क्रू परत बसवताना तो शाफ्टच्या सपाट बाजूवरच टेकला पाहिजे. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) चालतं, पण पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकला लागू देऊ नका, तडे जातात.

ठाम_मत
थोडं वेगळं मत. सगळं मुलांवर सोडणं म्हणजे मार्गदर्शन नव्हे. ड्रिल, करवत, फुगलेली किंवा गरम झालेली बॅटरी दिसली की मेंटरने तिथल्या तिथे थांबवायचं, प्रश्न विचारत बसायचं नाही. शिवाय सहा आठवड्यांत आधीच्या मेंटरचा सगळा कोड समजणार नाही. ऑटोनॉमसचा एकच मार्ग ठेवा, बाकीचा काढून टाका. जे मुलांना ओळ न ओळ सांगता येईल तेवढंच रोबोटवर राहू द्या. गुण कमी झाले तरी चालतील.

नवा_मेंटर
हे पटलं. माझी मदत जास्त होतेय की कमी, ते ओळखायचं कसं?

पिटवाला
लिफ्ट, ड्राइव्ह, कोड, वायरिंग, प्रत्येक भागाला दोन मुलं नेमा. मग सराव सामन्यांच्या दिवशी तुम्ही पिटबाहेर (टीमच्या दुरुस्तीच्या जागेबाहेर) थांबा. दोन सामन्यांमध्ये बॅटरी बदलणं, स्क्रू तपासणं, योग्य प्रोग्रॅम निवडणं त्यांनीच करायचं. ज्या भागासाठी तुम्हाला हाक आली, पुढच्या आठवड्यात त्याच भागावर बसायचं.